रात्रीचा बेत (ठाणे–नवी मुंबई)

रात्रीच्या जेवणाला घरात काय शिजणार हे ठरवणे आणि ते शेजारी, नातलग व रोजचे सहप्रवासी यांना सांगणे, अशी ही घरगुती प्रथा. ‘आज रात्री काय?’ हा प्रश्न संध्याकाळी पाचनंतर जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लोकलच्या महिला डब्यात आणि सोसायटीच्या फोनवरच्या गटात विचारला जातो. नुसते पदार्थाचे नाव सांगून उत्तर पुरे होत नाही. तोच पदार्थ आज जमेल की उद्यावर टाकावा लागेल, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. त्यामुळे जाणती मंडळी नावाबरोबर माप सांगतात आणि तयारी कधीपासून केली तेही सांगतात.

परतीचा प्रवास हा स्वयंपाकाचाच भाग धरला जातो. डब्यात बसायला जागा मिळाली की मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, मेथी निवडली जाते. ठाण्यात उतरणारे जांभळी नाक्याच्या बाजारातून भाजी घेतात. वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती घाऊक व्यवहाराची, त्यामुळे तिथला कांदा-बटाटा बहुधा आठवड्याचा एकदम येतो. ठाणे–वाशी लोकल २००४ पासून धावते आहे, आणि तिच्या डब्यात आगरी-कोळी, सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू), घाटावरची, खानदेशी अशी सगळी घरे एकमेकांचे बेत ऐकतात. बिरड्याची, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीची, कृती खानदेशी घरात आणि शेवभाजीची कोळी घरात पोचते ती अशीच.

ऐनवेळचे बेत. घरी पोचायला साडेआठ वाजले तर पिठलं-भात किंवा मुगाची खिचडी. चौघांच्या पिठल्याला १ वाटी बेसन आणि ३ वाट्या पाणी लागते. त्यातल्या १ वाटी गार पाण्यात बेसन आधी कालवून ठेवावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले की बाहेरचा थर लगेच शिजतो, आत पीठ कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. ३ चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, ७-८ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, ३-४ मिरच्या, १ कांदा आणि हळद परतून उरलेले २ वाट्या पाणी ओतावे. मीठ घालून उकळी आली की कालवलेले बेसन धार धरून, ढवळत घालावे. मग झाकण ठेवून मंद आचेवर ६-७ मिनिटे. पिठल्याला चकाकी आली नाही तर ते कच्चट लागते. गार होताना ते आळते, म्हणून मनाजोगे दाट होण्याच्या जरा आधीच उतरवावे. खिचडीत १ वाटी तांदळाला अर्धी वाटी मूगडाळ आणि साडेचार वाट्या गरम पाणी घेतले की ती मऊ होते.

आदल्या दिवसापासूनचे बेत. यांत मान वालाच्या बिरड्याचा. सीकेपी घरांत ते सणावारालाही असते. चौघांना १ वाटी कडवे वाल पुरतात, कारण मोड आल्यावर ते दुपटीहून जास्त होतात. ८-१० तास भिजवून, पाणी निथळून ओलसर फडक्यात घट्ट बांधावेत. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात १२ ते १५ तासांत मोड येतात, थंडीत दिवसभर वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात पुरचुंडी जास्त वेळ राहिली तर वाल चिकट होऊन वास मारतात. असे वाल टाकून द्यावेत, धुऊन वापरू नयेत. मोड आलेले वाल कोमट पाण्यात अर्धा तास ठेवले की चिमटीत दाबताच साल सुटते. हे सोलणे हेच बिरड्याचे खरे काम, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून बसावे असे ते आहे.

सोललेल्या वालांना डाळिंब्या म्हणतात. त्या तेल, हिंग, हळदीवर हलक्या हाताने परतून वर गरम पाणी घालावे आणि झाकणीवरही पाणी ठेवावे. डाव फिरवू नये, पातेले धरून हलवावे. डाव लागला की डाळिंबी फुटते आणि रस्सा पिठूळ होतो. डाळिंबी बोटांनी दाबली जाऊ लागली की ओले खोबरे, मिरची, लसूण, जिरे, कोथिंबिरीचे वाटण, गूळ आणि ३-४ आमसुले घालावीत. आमसूल आधी पडले तर आंबटपणामुळे डाळिंबी कडकच राहते. तुरीच्या आमटीत चिंच शेवटी घालायची तीही याच कारणाने.

मासळीचे बेत. हे बुधवार, शुक्रवार, रविवारी जास्त ऐकू येतात. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत वर्ज्य. ओले बोंबील तव्यावर तुटतात ते त्यांतल्या पाण्यामुळे. उभे चिरून मधला काटा काढावा, फडक्यात ठेवून वर पोळपाट आणि त्यावर वजन ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासात बरेच पाणी निघते. मग मीठ, हळद, तिखट, आले-लसूण आणि लिंबू लावून, दोन भाग तांदळाचे पीठ व एक भाग बारीक रवा यांत घोळवून मध्यम आचेवर भाजावेत. खालची बाजू कडक होऊन तव्यापासून सुटेपर्यंत उलटू नयेत.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते. तेव्हा आगरी-कोळी घरांत सुका जवळा, सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी असा बेत होतो. जवळा आधी कोरडाच २-३ मिनिटे भाजून मग दोन-तीन पाण्यांत धुवावा, म्हणजे वाळू तळाशी बसते. १ वाटी जवळ्याला २ मोठे कांदे हवेत. मीठ चव पाहूनच घालावे, कारण सुक्या मासळीत ते मुरलेले असू शकते.

संकष्टीला बेताबरोबर चंद्रोदयाची वेळही विचारली जाते. चंद्र उशिरा असेल तर वरण आणि भाजी करून ठेवतात, कुकरला भात मात्र चंद्रोदयाच्या अर्धाच तास आधी लावतात.

बेत सांगितला की पुष्कळदा वाटीही जाते. पिठलं, बिरडं, कालवण हे वाटीने द्यायचे पदार्थ. भात कोणी पाठवत नाही. वाटी रिकामी परत करायची नाही, निदान साखर तरी घालून द्यायची, हा रिवाज टॉवरमध्येही टिकून आहे आणि तो टिकावा.

उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर तो रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवूनही न मरणारे काही जिवाणू भातात उबेला वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवणे उरकताच भात पसरट भांड्यात मोकळा करून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.