इंधनाला कुलूप लावलं, मग ताकद आणायची कुठून?

फॉर्म्युला वनमध्ये ॲव्हरेज कोण बघतंय, पेट्रोल ओता आणि गाडी पळवा, असंच बऱ्याच जणांना वाटतं. पण २०१४ पासून गणित पार उलटं झालंय. त्या वर्षी २.४ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन जाऊन १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेलं) हायब्रिड आलं आणि सोबत नियम आला की इंजिनात तासाला १०० किलोच्या वर इंधन सोडायचं नाही. (२०२५ पर्यंत किलोत मोजायचे, कारण पेट्रोल तापलं की लिटर वाढतात, वजन तेवढंच राहतं.)

आता हिशोब बघा. तासाला १०० किलो म्हणजे सेकंदाला साधारण २८ ग्रॅम, त्यातून ऊर्जा मिळते जवळपास १२०० किलोवॅट, म्हणजे १६०० हॉर्सपॉवर! पण यातली बरीचशी एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारा पाइप) आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन उडून जाते. एफिशियन्सी, म्हणजे ऊर्जेतला कामी येणारा वाटा, ३० टक्के असेल तर हातात पाचशेही येत नाहीत, ५० टक्के असेल तर थेट आठशे. इंधन सगळ्यांना सारखंच, त्यामुळे जो कमी वाया घालवेल त्याचीच गाडी जोरात. मर्सिडीजने २०१७ मध्ये टेस्ट बेंचवर (गाडीबाहेर इंजिन तपासायच्या जागी) ५० टक्के ओलांडल्याचं जाहीर केलं, जे मला तरी त्यांच्या ट्रॉफ्यांपेक्षा भारी वाटतं.

यात मोठा वाटा टर्बोच्या शाफ्टवर बसवलेल्या मोटरचा, एमजीयू-एचचा होता. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर टर्बो फिरतो, त्यावर ही वीज बनवायची, आणि ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की उलट टर्बोलाच ढकलायची म्हणून लॅग (टर्बोची ताकद यायला लागणारा उशीर) जवळपास नसायचाच. पण महागडी आणि किचकट, म्हणून २०२६ च्या नियमांत काढून टाकली.

इंधनाची मर्यादा किती कडक? २०१४ ला मेलबर्नमध्ये रेड बुलचा डॅनियल रिकार्डो दुसरा आला आणि इंधनाचा फ्लो मर्यादेपेक्षा जास्त भरला म्हणून रिझल्टमधूनच बाद झाला. टीम म्हणाली सेन्सर चुकीचं दाखवतोय, आमचे आकडे बरोबर आहेत, पण अपील फेटाळलं गेलं.

२०१० पासून रेसमध्ये पेट्रोल भरायला बंदी आहे, आणि तरी टीम मुद्दाम टाकी पूर्ण भरत नाहीत, कारण दहा किलो जास्त वजन म्हणजे लॅपमागे अंदाजे ०.३ सेकंद गेले. मग इंधन शेवटपर्यंत पुरावं म्हणून रेडिओवर इंजिनिअर सांगतो, ‘लिफ्ट अँड कोस्ट’. म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या जरा आधीच पाय उचलायचा. तिथे गाडी टॉप स्पीडला असते, पुढे लगेच ब्रेकच मारायचाय, त्यामुळे वाचलेल्या इंधनाच्या मानाने वेळ फार कमी जातो. ड्रायव्हर मात्र दर वेळी कुरकुरतातच.