चुलीचं वजन आणि इंधनाचं वजन

सॅकमध्ये मावेल असा स्टोव्ह घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी खोक्यावर छापलेलं वजन वाचतो. २५ ग्रॅम, ८० ग्रॅम, ४०० ग्रॅम. आकडे खरे असतात, पण त्यातून निम्मीच गोष्ट कळते. इंधन रोज लागतं, आणि किती लागेल ते भांडं, वारा, ज्योतीची रचना आणि मुख्य म्हणजे पाणी कुठून मिळणार यावर ठरतं. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ज्यांनी असे स्टोव्ह घडवले, त्यांच्यातल्या बहुतेकांची झटापट या दुसऱ्या वजनाशी होती. दुकानात आज शेजारी शेजारी मांडलेले प्रकार म्हणजे वेगवेगळ्या काळातल्या अडचणींवर शोधलेले तोडगे आहेत. ते सगळे एकाच तक्त्यात बसवून तुलना करायला गेलं की गोंधळ होतो, तो यामुळेच.

सुरुवात स्पिरिटपासून झाली. लंडनमध्ये नाव कमावलेला फ्रेंच आचारी अलेक्सिस सॉयर यानं १८४९ मध्ये टेबलावर ठेवायची स्पिरिटची छोटी शेगडी बाजारात आणली होती. प्रवासी आणि शोधमोहिमांवर निघणारे लोक अशाच शेगड्या वापरत. स्पिरिट स्वच्छ जळतं, त्याला ना पंप लागतो ना वॉशर, पण त्यात उष्णता कमी. एक किलो रॉकेल जाळलं की सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते. इथेनॉलमधून मिळते सुमारे २७. म्हणजे तेवढ्याच कामासाठी दीडपटीहून जास्त वजन वाहायचं. रॉकेल त्या काळी होतंच, पण ते वातीवर जळे, धुरकट ज्योतीनं भांडी काळी करी आणि तंबूत काजळी भरे.

ही अडचण सोडवली ती स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिरानं, १८९२ च्या सुमारास. स्वीडनमध्येच कार्ल रिचर्ड नीबर्गनं त्याआधी दहा वर्षं डाग देण्याचा ब्लोलॅम्प बनवायला घेतला होता. इंधनाची आधी वाफ करायची आणि मग ती जाळायची, हे त्याचं तत्त्व. लिंडक्विस्टनं ते स्वयंपाकाला लावलं. टाकीत पंपानं हवा भरायची, दाबामुळे रॉकेल वर चढतं, स्पिरिटनं आधीच तापवलेल्या नळीत त्याची वाफ होते, आणि ती वाफ निपलच्या बारीक छिद्रातून जोरात सुटताना आजूबाजूची हवा स्वतःबरोबर खेचून घेते. हवा आणि वाफ नीट मिसळल्यामुळे ज्योत निळी राहते, काजळी धरत नाही. हाच प्रायमस. छिद्र तुंबलं की पिन मारायची आणि नळी पुरेशी तापली नसेल तर भडका सोसायचा, ही दुखणीही त्याच्याबरोबरच आली.

प्रायमसला ध्रुवाकडे नेऊन नावारूपाला आणलं नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नॅन्सेन यानं. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना त्याच्याकडे स्पिरिटचा स्टोव्ह होता. १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाजावरून उत्तरेला निघाला तेव्हा त्यानं रॉकेल आणि प्रायमस निवडला. पण त्याची खरी करामत स्टोव्हपेक्षा भांड्यात होती. नॅन्सेन कुकरमध्ये मधोमध स्वयंपाकाचं भांडं, त्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं बर्फ वितळवायला, वर आणखी एक पसरट भांडं, आणि या सगळ्यावर झाकण. ज्योतीचे तापलेले वायू आतल्या भांड्याला चाटून वर जायचे, मग कडेनं खाली उतरायचे आणि थंड होऊनच बाहेर पडायचे. साध्या उघड्या भांड्यात निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता हवेत जाते. इथे ती बर्फ वितळवायच्या कामी येई. मार्च १८९५ मध्ये नॅन्सेन आणि यालमार योहान्सन जहाज सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाले ते हा संच घेऊन. किती दिवस चालता येईल हे रॉकेल किती दिवस पुरेल यावर ठरत असताना कार्यक्षम भांडं म्हणजे थेट अंतरच होतं. (पुढचा हिवाळा त्यांनी फ्रान्झ जोसेफ लँडवर एका दगडी झोपडीत काढला, तो मात्र वॉलरसची चरबी जाळून.)

इंधन संपलं की काय होतं याचं उदाहरण १९१२ मधलं. दक्षिण ध्रुवाहून परतणाऱ्या रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीला वाटेतल्या साठ्यांवर ठेवलेल्या डब्यांत अपेक्षेपेक्षा कमी रॉकेल सापडत गेलं. डब्यांच्या बुचाखालचे कातडी वॉशर थंडीत आक्रसले आणि तेल झिरपून, उडून गेलं, असं त्याचं कारण सहसा सांगितलं जातं. त्यांच्याआधी, १४ डिसेंबर १९११ रोजी, ध्रुवावर पोचलेल्या रोआल्ड आमुंडसेननं आपले डबे डाग देऊन पक्के बंद करून घेतले होते. स्कॉटच्या मृत्यूमागे उपासमार, थंडी, आजार अशी अनेक कारणं होती आणि सगळा दोष वॉशरवर ढकलणं सोपं करून सांगणं होईल. पण सगळीकडे पाणी गोठलेलं असलं की रॉकेल म्हणजेच पाणी. ते कमी पडलं की गरम जेवण जातं, आणि पिण्याचं पाणीही.

शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. वीस अंशाचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जवळपास तेवढेच, सुमारे ३३५. बर्फापासून सुरुवात करून उकळी आणायची तर सुमारे ७५० किलोज्यूल, म्हणजे सव्वादोन पट. स्टोव्ह निवडताना ‘वाटेत पाणी आहे का’ हा प्रश्न मी तरी पहिला ठेवीन.

हा धडा उंच डोंगरांवर पुन्हा शिकावा लागला. मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतले रेमंड लँबर आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर एका रात्रीसाठी अडकले. त्यांच्याजवळ ना स्टोव्ह होता ना झोपायच्या पिशव्या. मेणबत्तीवर धरलेल्या डब्यात त्यांनी थोडा बर्फ वितळवला, तेवढंच पाणी. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि परत फिरले. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी पाण्याचा मुद्दा लावून धरला. उंचावर कोरडी हवा आणि जोरजोरात चाललेला श्वास यांतून शरीर इतकं पाणी गमावतं की दिवसाला तीनेक लिटर प्यायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. तेवढं पाणी करायचं तर शेवटच्या तळापर्यंत स्टोव्ह आणि तेल चढवणं आलंच. २९ मे १९५३ च्या पहाटे हिलरींचे बूट गोठून लाकडासारखे झाले होते. तेही त्यांनी प्रायमसवरच धरून मऊ केले.

दरम्यान खाली सपाटीवर युद्धानं स्टोव्ह लहान केले. जर्मनीत एरिक शूमनं १९३६ मध्ये ‘एस्बिट’ या नावानं घन इंधनाच्या वड्या काढल्या. खिशात मावणाऱ्या घडीच्या पत्र्यावर वडी पेटवायची, बस्स. अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून कोलमन कंपनीनं १९४२ मध्ये दुधाच्या बाटलीएवढा पेट्रोलवरचा स्टोव्ह बनवला. पन्नाशीच्या दशकात नीबर्गच्या कारखान्यातून ‘स्वेआ १२३’ आला. पितळी, अर्ध्या किलोचा, पंपाशिवाय चालणारा, कारण ज्योतीच्या उष्णतेनंच टाकीत दाब तयार होई. त्याची घरघर आवडणारे लोक आजही भेटतात. त्याच काळात, १९५१ मध्ये, ट्रँगिया या स्वीडिश कंपनीनं स्पिरिटच्या बर्नरभोवती वाऱ्याचा आडोसा आणि भांडी असा एकसंध संच केला. त्याच्या तळाला भोकं आहेत, ती वाऱ्याच्या दिशेला करायची, म्हणजे वारा ज्योत विझवण्याऐवजी तिला हवा पुरवतो. यात बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही, आणि म्हणूनच तो संच अजून बनतो.

टाकी बर्नरच्या खालीच असण्यात मात्र एक पेच होता. इंधन वाचवायचं तर भांड्याभोवती घट्ट आडोसा हवा, आणि आडोसा घट्ट केला की टाकी तापते, सुरक्षा व्हॉल्व उडतो, भडका होतो. सिएटलचे लॅरी पेनबर्थी यांनी गिर्यारोहणाची साधनं तपासण्यासाठी १९६९ मध्ये माउंटन सेफ्टी रिसर्च, म्हणजे एमएसआर, सुरू केली. उंचावर पाणी कमी पडण्याचा प्रश्न त्यांनाही सतावत होता. १९७३ मधल्या त्यांच्या ‘मॉडेल ९’ स्टोव्हमध्ये इंधनाची बाटलीच टाकी झाली आणि ती नळी लावून ज्योतीपासून दूर ठेवली. आता भांड्याभोवती पत्र्याचा आडोसा हवा तेवढा आवळता येऊ लागला आणि ज्योतही जोरात ठेवता येऊ लागली. आजचे बहुतेक द्रव इंधनाचे स्टोव्ह याच मांडणीचे वंशज आहेत.

गॅस आला आणि पंप, पिन, स्पिरिट सगळंच सुटलं. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या कॅम्पिंग गाझनं भोसकून वापरायचे ब्यूटेनचे डबे लोकप्रिय केले. डबा एकदा भोसकला की रिकामा होईपर्यंत काढता येत नसे. पुढे आटे असलेले, काढल्यावर आपोआप बंद होणारे व्हॉल्व आले आणि ही कटकट मिटली. उरली ती थंडी. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो डब्यात नुसता द्रव होऊन बसतो. आयसोब्यूटेनला हीच मर्यादा उणे १२ च्या आसपास, प्रोपेनला उणे ४२. पण नुसता प्रोपेन भरायचा तर डबा जाड आणि जड लागतो, म्हणून मिश्रणं आली. मिश्रणातही खोट आहे: प्रोपेन आधी उडून जातो आणि अर्ध्या रिकाम्या डब्यात मागे ब्यूटेनच उरतो. कडाक्याच्या थंडीसाठी म्हणून डबा उलटा करून द्रवच नळीतून ज्योतीपाशी नेणारे स्टोव्ह निघाले. डब्यावर थेट बसणारे छोटे बर्नर मात्र जुनाच पेच परत घेऊन आले. त्यांच्याभोवती पूर्ण आडोसा लावला तर गॅसचा डबा तापतो, आणि तो स्वेआच्या टाकीपेक्षा धोकादायक. असा आडोसा कधीच लावू नये.

२००४ मध्ये जेटबॉइल या कंपनीनं भांड्याच्या बुडाला पत्र्याच्या नागमोडी पंख्यांचं, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या पातळ पट्ट्यांचं, कडं लावलं, बर्नर आणि भांडं एकमेकांत अडकवलं आणि दोन-तीन मिनिटांत पाणी उकळून दाखवलं. नवलाई मोठी झाली, पण निसटणारी उष्णता भांड्यात अडवायची ही युक्ती नॅन्सेनचीच.

आता हिशोब. साधा बर्नर आणि हलकं भांडं मिळून सुमारे २०० ग्रॅम, पंख्यांचा संच सुमारे ४०० ग्रॅम धरू. साध्या बर्नरची कार्यक्षमता ५० टक्के, संचाची ७५ टक्के धरली, तर वीस अंशाचं लिटरभर पाणी उकळायला पहिल्याला सुमारे १५ ग्रॅम गॅस लागतो, दुसऱ्याला १०. वाचले ५ ग्रॅम. जास्तीचे २०० ग्रॅम भरून यायला ४० लिटर पाणी उकळावं लागेल. शनिवार-रविवारच्या भटकंतीत हे व्हायचं नाही. बर्फ वितळवताना हेच आकडे ३३ आणि २२ होतात, बचत ११ ग्रॅम. दोघांना प्यूच्या मापानं रोज सहा लिटर धरलं तर तीनेक दिवसांत वजन फिटतं. शिवाय हा हिशोब वारा नसतानाचा आहे. वाऱ्यात उघड्या छोट्या बर्नरची कार्यक्षमता कोसळते, तेव्हा संचाची बाजू आणखी लवकर वरचढ होते. फक्त पाणी उकळण्यापलीकडे मंद आचेवर काही शिजवायचं असेल, तर यातले बरेच संच कामाचे नाहीत, हे जाहिरातीत सहसा दिसत नाही.

स्पिरिटही या हिशोबात पुन्हा डोकावतं. शीतपेयाच्या डब्याचा कापून केलेला बर्नर जेमतेम १०-२० ग्रॅम भरतो आणि इंधन साध्या प्लास्टिकच्या बाटलीत मावतं. १०० ग्रॅम गॅसच्या छोट्या डब्याचं रिकामं वजन मात्र आतल्या गॅसइतकंच असतं. एखाद-दुसऱ्या रात्रीसाठी स्पिरिट खरंच हलकं पडतं. पण त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि वणव्याच्या दिवसांत अनेक जंगलांमध्ये चावीनं बंद करता न येणाऱ्या स्टोव्हवर बंदी असते.

एका बाबतीत कार्यक्षमता उलटते. थंड भांडं ज्योतीच्या फार जवळ आलं की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अंटार्क्टिकात १९३४ चा हिवाळा एकट्यानं काढताना अमेरिकी शोधप्रवासी रिचर्ड बर्ड या वायूनं मरता मरता वाचले. त्यांच्या झोपडीतला स्टोव्ह आणि रेडिओचा जनरेटर धूर नीट बाहेर टाकत नव्हते. बर्फानं बंद झालेल्या तंबूत आजचे स्टोव्हही हेच करू शकतात.

विमानानं जायचं असेल तर निवड पुष्कळशी आपोआप होते, कारण भरलेला गॅसचा डबा किंवा पेट्रोल बरोबर नेता येत नाही आणि उतरल्यावर जे मिळेल त्यावर भागवावं लागतं. आट्यांचे डबे प्रत्येक गावात मिळत नाहीत. रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट यांपैकी काहीतरी बहुधा मिळतं. त्यामुळेच निपल बदलून दोन-तीन इंधनांवर चालणारे, पंपाचे, पिन मारायला लावणारे स्टोव्ह अजून विकले जातात. वापरलेला स्टोव्ह आणि बाटली मात्र निघण्यापूर्वी धुऊन, वास जाईपर्यंत उघडी वाळवावी. वास आला तर तपासणीत ती काढून घेतात.