संस्थापक नसलेला बँड ‘नकली’ असतो का?

नेरूळच्या स्टेडियममध्ये जुना परदेशी रॉक बँड येणार म्हटले की, ‘संस्थापक सोबत नसेल तर जुने नाव लावून दौरा करणे बेकायदा आहे’ असा संदेश ठाण्या-वाशीच्या गटांत फिरू लागतो. तो बँडवरील प्रेमापोटीच पुढे जातो. परंतु नावाचा हक्क प्रामुख्याने सदस्यांमधील करारावर आणि ट्रेडमार्कवर ठरतो, कोण मंचावर आहे यावर नव्हे. भारतात ट्रेडमार्कची नोंदणी १० वर्षांची असते, तिचे नूतनीकरण करता येते आणि मनोरंजन सेवांच्या वर्ग ४१ मध्ये नाव शोधून नोंदणीकृत मालक कोण, हे कोणालाही ऑनलाइन पाहता येते. परदेशी बँडसाठी त्याच्या देशातील नोंदवहीही पाहावी. ज्याच्या गिटारसाठी आपण पैसे मोजतो तोच येणार नसेल, तर आयोजकांनी ते तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत नव्हे, बँडच्या नावाखालीच छापले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.