घराच्या आतली मोजणी

1971 साली लंडनमध्ये ॲन ओकली ही तरुण समाजशास्त्रज्ञ 40 गृहिणींशी सविस्तर बोलली. सगळ्या वीस ते तीस वयाच्या, प्रत्येकीला पाच वर्षांखालचं निदान एक मूल. निम्म्या कामगार वर्गातल्या, निम्म्या मध्यमवर्गीय. तोवर समाजशास्त्रज्ञ जे प्रश्न कारखान्यातल्या कामगारांना विचारत आले होते, तेच ओकलींनी या बायकांना विचारले. आठवड्याला किती तास काम करता? कामाचा कंटाळा येतो का? एक काम धड पुरं होण्याआधी दुसरं हातात घ्यावं लागतं का? वेळ पुरतो का?

सरासरी निघाली आठवड्याला 77 तास. सगळ्यात कमी 48 आणि सगळ्यात जास्त 105. चारातल्या तिघींना काम एकसुरी वाटत होतं आणि दहातल्या नऊजणी म्हणत होत्या की कामाचे सारखे तुकडे पडतात. यंत्रांच्या सरकत्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगारांच्या पाहणीतले आकडेही याच्या किंचित खालीच होते.

ओकलींच्या आधी बहुतेक समाजशास्त्रज्ञांना हे प्रश्न का सुचले नव्हते? पाहणी करायला पैसा लागत नव्हता, उपकरणं लागत नव्हती, फक्त दार वाजवून बोलायचं होतं. याचं उत्तर समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतच सापडतं. तिथे बाई भेटायची ती ‘विवाह’ किंवा ‘कुटुंब’ या प्रकरणांत. ‘काम’ या प्रकरणात ती जवळजवळ नसायचीच. घरातलं काम म्हणजे बाईची भूमिका, माया, स्वभाव असं गृहीत धरलं होतं. मग त्याचे तास मोजण्याचा प्रश्न येतोच कुठे?

या समजुतीला शास्त्राचं रूप दिलं ते अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॉलकट पार्सन्स यांनी. 1955 सालच्या त्यांच्या मांडणीनुसार आधुनिक कुटुंबाची दोन मुख्य कामं उरली होती: मुलांना समाजात वावरायला शिकवणं आणि मोठ्या माणसांचं मन थाऱ्यावर ठेवणं. पुरुष बाहेर जाऊन कमावतो, बाई घरात भावनांची काळजी घेते, आणि या वाटणीमुळे समाजाचा तोल राहतो. दमून आलेल्या माणसाला गरम पाण्याच्या आंघोळीने बरं वाटावं तसं घर माणसाचा शीण उतरवतं, असं या विचाराचं वर्णन पुढे केलं जाऊ लागलं. पार्सन्स यांच्या मांडणीत एक प्रश्न मात्र विचारलाच जात नाही. हे पाणी तापवतं कोण, आणि त्या माणसाचा शीण कुठे उतरतो?

मला वाटतं, कुटुंबाच्या अभ्यासाला स्त्रीवादी समाजशास्त्राने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा मोजमापाचा मुद्दा. कुटुंब हा एक अखंड गठ्ठा मानला जात होता. एक उत्पन्न, एक वर्ग, एक हित. घराचा वर्ग ठरवायचा तर घरातल्या पुरुषाचा व्यवसाय बघायचा. हीच पद्धत योग्य आहे असा युक्तिवाद ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प यांच्यासारखा मोठा अभ्यासक 1983 सालीही करत होता. गठ्ठा सोडून आत पाहिलं, की एकाच छपराखालच्या दोन माणसांच्या वाट्याला वेगळा वेळ, वेगळा पैसा, वेगळी विश्रांती येते हे दिसतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेसी बर्नार्ड यांनी 1972 साली हेच फार थोडक्यात सांगितलं: प्रत्येक लग्नात दोन लग्नं असतात, एक त्याचं आणि एक तिचं.

गठ्ठा मोजला की आकडा कसा फसवतो, याचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. मायकेल यंग आणि पीटर विलमॉट या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली जाहीर केलं की कुटुंब आता समतोल होत चाललं आहे. 72 टक्के नवरे भांडी विसळण्याखेरीज घरातल्या आणखी कुठल्या तरी कामात आठवड्यातून एकदा तरी मदत करतात. ओकलींनी तो प्रश्नच उलगडून दाखवला. आठवड्यातून एकदा? म्हणजे शनिवारी दुपारी स्वतःच्या पॅन्टला इस्त्री करणारा माणूसही त्या 72 टक्क्यांत बसतो. ओकलींच्या स्वतःच्या पाहणीत घरकामात भरपूर वाटा उचलणारे नवरे होते 15 टक्के, आणि मुलांच्या संगोपनात त्याहून थोडे अधिक. शिवाय ‘मदत’ हा शब्दच पाहा. मदत आपण दुसऱ्याच्या कामात करतो. काम कुणाचं, हे त्या शब्दाने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

असं का होतं, यावर स्त्रीवाद्यांत एकमत नाही. उदारमतवादी म्हणतात, कायदे आणि संगोपन बदललं की वाटणी बदलेल. मार्क्सवादी स्त्रीवादी म्हणतात, उद्याचा कामगार आज जेवूखाऊ घालून, झोपवून तयार करण्याचं काम भांडवलाला फुकट मिळतं, त्यामुळे खरा लाभ मालकाचा. फ्रान्सच्या क्रिस्तीन देल्फी यांना हे अपुरं वाटलं, आणि त्यांचा युक्तिवाद मला अधिक भिडतो. त्यांनी शेतकरी कुटुंबांकडे बोट दाखवलं. शेतकऱ्याची बायको कोंबड्या पाळते, तो माल बाजारात विकला जातो, पैसे येतात, तरी तिच्या श्रमाला मोल नाही. म्हणजे तिचं काम बाजाराबाहेरचं आहे म्हणून फुकट, असं म्हणता येत नाही. तेच काम परक्या माणसाकडून करून घेतलं तर मजुरी द्यावी लागते. काम तेच, फक्त नातं बदललं. लाभ मालकाच्या आधी घरातच पोचतो, असं देल्फींचं म्हणणं होतं.

पैशाचंही तसंच. जॅन पाल यांनी ब्रिटनमध्ये नवऱ्याची मारहाण सहन न होऊन आश्रयगृहात आलेल्या बायकांचा अभ्यास केला. आता त्या तुटपुंज्या सरकारी भत्त्यावर जगत होत्या. तरीही त्यातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं की आपलं आता आधीपेक्षा बरं चाललं आहे. आधीच्या घराचं उत्पन्न यापेक्षा जास्त होतं, पण ते तिच्या हाती येत नव्हतं. गरिबीची पाहणी घरटी उत्पन्नावर करणाऱ्याच्या कागदावर ही बाई आधी सुस्थितीत होती आणि घर सोडल्यावर गरीब झाली. तिचा स्वतःचा अनुभव नेमका उलटा होता. हे वाचल्यावर ‘घरटी सरासरी’ हे शब्द मला पूर्वीसारखे वाचता येत नाहीत.

मारहाणीबद्दलही असंच म्हणावं लागतं. ती ‘घरातली बाब’ म्हणून दाराआडच राहत होती. रेबेका आणि रसेल डोबॅश यांनी स्कॉटलंडमधल्या पोलीस नोंदी तपासून 1979 साली दाखवलं की बायकोवरची मारहाण ही तिथल्या हिंसक गुन्ह्यांमधली किरकोळ बाब नाही, तो मोठा हिस्सा आहे. कायद्याला मात्र वेळ लागला. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा गुन्हाच आहे, हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं ते 1991 साली.

बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्यावर घरातली वाटणी आपोआप बदलेल, अशी आशा होती. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड कॅलिफोर्नियातल्या नोकरदार जोडप्यांच्या घरी वर्षानुवर्षं जात राहिल्या. त्यांचं पुस्तक 1989 साली आलं आणि ‘दुसरी पाळी’ हा शब्द रूढ झाला: नोकरीची एक पाळी संपली की घराची दुसरी सुरू. पगारी आणि बिनपगारी काम एकत्र धरलं तर बाई वर्षाकाठी चोवीस तासांचे दिवस धरून जवळपास एक महिना जादा काम करते, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी वर्णन केलेलं एक जोडपं मनात राहतं. बरीच भांडणं झाल्यावर दोघांनी तोडगा काढला: वरचा मजला तिचा, खालचा त्याचा. वर काय होतं? दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या. खाली होतं गॅरेज. कुत्र्याची निगाही त्याच्याकडे होती. ‘आम्ही अर्धं-अर्धं वाटून घेतलं’ असं दोघंही मनापासून सांगत. हे ढोंग नव्हतं. लग्न टिकवायचं तर त्या दोघांना हा समज जपणं भाग होतं, आणि तो जपण्याचा भारही बहुतांशी तिच्यावरच होता.

या मांडणीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप स्त्रीवादाच्या आतूनच आला. बेल हूक्स, पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभ्यासकांनी विचारलं, घर म्हणजे बाईचा तुरुंग हे तुम्ही कुणाला बघून ठरवलंत? ज्यांच्या आयाआज्या पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या घरी राबल्या, त्यांना स्वतःच्या घरात राहायला मिळणं हीच चैन होती. बाहेर वर्णद्वेष असेल तर घर हा आसराही असतो. कॉलिन्स यांनी आईबरोबर मुलं वाढवणाऱ्या आज्या, मावश्या, शेजारणी यांच्याकडेही लक्ष वेधलं. हा आक्षेप पूर्ण रास्त आहे. पण तो आतल्या मोजणीच्या विरोधात जात नाही. कुणाच्या घराचं दार उघडलं तेही नोंदवा, एवढंच तो मागतो.

मोजण्याची एक वेगळीच रीत आइसलँडच्या बायकांनी दाखवली. 24 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांनी नोकरी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं एक दिवस थांबवलं. कितीतरी बाप मुलांना घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 सालच्या अहवालानुसार जगात रोज 16.4 अब्ज तास बिनमोबदल्याचं काळजी-काम होतं, आणि त्यातलं तीन चतुर्थांशांहून थोडं अधिक स्त्रिया करतात. असे आकडे येतात ते बहुतांशी वेळेच्या डायऱ्यांमधून. युरोपातल्या अशा डायरीत दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे आखलेले असतात. प्रत्येक तुकड्यापुढे काय केलं, सोबत आणखी काय चालू होतं, जवळ कोण होतं हे लिहायचं. ‘सोबत आणखी काय’ हा रकाना महत्त्वाचा आहे. तो नसेल तर टीव्ही बघता बघता बाळाला खेळवणारी आई फक्त टीव्ही बघते आहे असं दिसतं.

तरी या रकान्यांतूनही काही निसटतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 साली 35 जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरातल्या डोक्याने करायच्या कामाचे चार टप्पे वेगळे काढले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलेलं पार पडलं का यावर लक्ष ठेवणं. निर्णयाच्या टप्प्यावर दोघं बऱ्यापैकी बरोबरीने हजर असतात. आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे मुख्यतः तिच्याकडे राहतं. ‘घरातले निर्णय कोण घेतं?’ असा प्रश्न पाहणीत घातला तर उत्तर येतं, ‘दोघं मिळून’, आणि ते खरंही असतं. पण मुलाचे बूट महिन्याभरात लहान होतील, हे आंघोळ घालताना त्याच्या पायाकडे बघून जिच्या लक्षात येतं, तिच्या डायरीत त्या दहा मिनिटांपुढे ‘मुलाची आंघोळ’ एवढंच लिहिलेलं असतं.