पार्श्वभूमी : ‘अपात्र’ घरातला मुलगा आणि वऱ्हाडातला स्वतंत्र चित्रपट

कापसाच्या गावात घडणारा, 14-15 वर्षांच्या मुलाभोवती फिरणारा कमी खर्चातला चित्रपट बहुधा एकाच प्रश्नावर उभा असतो. बाप गेला तो कशानं? घरात मुलाला एक सांगितलेलं असतं, पारावर दुसरं बोललं जातं आणि तहसीलच्या फाइलीत तिसरंच लिहिलेलं असतं. त्या तिसऱ्या कागदाचा इतिहास माहीत नसेल, तर अशा चित्रपटातली माय एवढी गप्प का, हे प्रेक्षकाला उमगत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं 19 मार्च 1986 रोजी पवनारजवळ पत्नी आणि 4 मुलांसह जीवन संपवलं, तेव्हा अशा मृत्यूंसाठी वेगळी नोंदही नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या आकडेवारीत शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र रकाना आला तो 1995 पासून. पुढे 2014 मध्ये शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात झाली. याच आकडेवारीत आत्महत्येच्या कारणांमध्ये ‘कौटुंबिक समस्या’ हेही एक शीर्षक आहे. कर्जवसुलीचा माणूस दारात आल्यावर नवरा-बायकोत झालेलं भांडण कुठल्या शीर्षकाखाली टाकायचं, हे नोंद करणाऱ्याच्या हातात राहतं. या प्रकारचा चित्रपट नेमका याच फटीतून आत शिरतो.

खरा गुंता आहे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांचा. जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानं वारसांना 1 लाख रुपयांची मदत ठरली. त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत, म्हणजे घरखर्चाला त्या ठेवीचं फक्त व्याज. मदतीआधी चौकशी. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि घरच्यांचे जबाब तहसीलमधून जिल्हा समितीपुढे जातात. समिती मुख्यतः तीन गोष्टी पाहते : शेती होती का, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचं होतं का, आणि ते फेडता न येणं व वसुलीचा तगादा हेच कारण होतं का. एक जरी अट सुटली, तर निकाल ‘अपात्र’.

वाचताना सोपं वाटतं, पण गावातलं कर्ज या चौकटीत बसत नाही. बँक, सोसायटी आणि परवानाधारक सावकार एवढंच मोजलं जातं. कृषी केंद्रातली बियाण्याची उधारी, बहिणीच्या लग्नाला सोयऱ्याकडून घेतलेले पैसे, बिनपरवाना सावकाराला करून दिलेलं खरेदीखत यांतलं काहीही कर्ज म्हणून धरलं जात नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘नवं-जुनं’. मार्चअखेर सावकाराकडून 8-10 दिवसांसाठी पैसे उचलायचे, सोसायटीचं खातं निल करायचं, लगेच नवं कर्ज काढायचं आणि त्यातून सावकाराला व्याजासकट फेडायचं. सोसायटीच्या वहीत असा माणूस थकबाकीदार दिसतच नाही. वर्षानुवर्षं कर्ज प्रामाणिकपणे फिरवत राहिलेला माणूस म्हणूनच ‘अपात्र’ ठरू शकतो. बाईच्या नावावर सातबारा नसेल, तर आयुष्यभर निंदण-वेचणी करूनही तिला शेतकरी म्हणून धरलंच जाईल याची खात्री नसते.

‘अपात्र’ हा निकाल असतो मदतीच्या अर्जावर. गाव मात्र तो मेलेल्या माणसावर लावतं. पोराला शाळेत ऐकावं लागतं की त्याचा बाप दारूपायी गेला. ‘अपात्र’ ही शब्दनिवड साधी चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ‘मदतीच्या निकषात बसत नाही’ एवढं लिहिलं असतं, तरी कागदाचं काम भागलं असतं.

मायच्या जबाबाचं वजन इथे कळतं. नवरा प्यायचा, आदल्या रात्री भांडण झालं, हे खरं असलं तरी सांगितलं की फाइल दुसरीकडे वळते. न सांगावं तर सासरच्या कुणी तरी ते आधीच सांगितलेलं असतं. तिनं काय सांगितलं आणि काय गाळलं, हेच पुढे मुलासमोर येणारं कौटुंबिक सत्य होतं. नायक नेमका दहावीच्या आसपासचा असतो, त्याला कारण आहे. बहुतेक घरांत कार्यालयाची भाषा लावून वाचणारा पहिला माणूस तोच. 2017 च्या कर्जमाफीत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालची अपत्यं असं धरलं होतं. म्हणजे हिशेबात तो आहे, पण सहीला नाही.

हे पडद्यावर आणणं डिजिटल कॅमेऱ्यानं सोपं केलं. 35 मिलिमीटर फिल्मचं 400 फुटांचं रीळ जेमतेम साडेचार मिनिटं चाले. कधी अभिनय न केलेल्या गावातल्या पोराकडून त्यात काम करून घेणं परवडत नसे. 2008 नंतर स्वस्त कॅमेरे आले आणि 15-20 टेक घेता येऊ लागले.

अडचण उरली ती हंगामाची. पेरणी जून-जुलैत, बोंडं फुटतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पहिल्या वेच्याआधीची सीतादही, दही-भाताचा नैवेद्य, एकदाच होते. ती हुकली की वर्ष गेलं. पेरणी आणि वेचणी दोन्ही हवी असेल, तर मध्ये 4-5 महिने जातात. तेवढ्यात 14 वर्षांच्या पोराचा आवाज फुटतो, मिसरूड येते. पावसाळ्यातला आवाज जागेवर नीट ध्वनिमुद्रित केला नसेल, तर दिवाळीनंतर डबिंगला तो आवाज उरलेला नसतो. उपाय एकच : त्याचे सगळे संवाद त्या-त्या दिवशी, कॅमेरा बंद करून, शांत खोलीत पुन्हा मुद्रित करून ठेवायचे.

मुलगा 14 च्या आतला असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. मानधनातले किमान 20 टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावे लागतात.

चुका बहुधा दोनच ठिकाणी होतात. पहिली म्हणजे मदतीचा प्रसंग. पलंगावर लाखाचं बंडल ठेवलेलं दाखवतात, पण नियमाप्रमाणे हातात येतात 30 हजार, बाकीच्या ठेवीचं पासबुक. दुसरी चूक बोलीची. अकोला-अमरावतीच्या घरात पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतला नट आणला, की शेतमजूर प्रेक्षकसुद्धा पहिल्या वाक्याला ओळखतो. वऱ्हाडातलं पोरगं ‘बाबा का गेले?’ असं विचारत नाही. ‘माय, बाबा काहून गेले? मले कोनी सांगत काहून नाही?’ असं विचारतं आणि माय चुलीतलं लाकूड मागे ओढते.