क जीवनसत्त्वाची मोजपट्टी आणि दीर्घ आजार

डायक्लोरोफेनॉल-इंडोफेनॉल नावाचा एक निळा रंग आहे. आम्लात पडला की तो गुलाबी होतो, आणि तिथे क जीवनसत्त्व असेल तर रंग साफ उडून जातो. ब्युरेटमधून तो थेंबाथेंबाने सोडत राहायचं. प्रत्येक थेंब पडल्या पडल्या नाहीसा होतो. मग एक थेंब असा पडतो की त्याची गुलाबी छटा जात नाही. तिथे हात थांबवायचा आणि किती रंग खर्ची पडला ते वाचायचं, म्हणजे नमुन्यात जीवनसत्त्व किती होतं ते कळतं. कॉलेजात टायट्रेशन केलेल्या कुणालाही तो क्षण आठवेल. 1930 च्या दशकात ही साधी युक्ती डॉक्टरांच्या हाती आली. तोवर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगता येत असे. आता ‘किती कमी’ हेही विचारता येऊ लागलं, आणि दीर्घ आजारात क जीवनसत्त्व का घटतं हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला.

त्याआधीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. 1747 मध्ये जेम्स लिंड यांनी सॅलिस्बरी या जहाजावर 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळायला 1795 उजाडावं लागलं. 1907 मध्ये नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिच यांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही निर्माण करता आली. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. गिनीपिग आणि माणूस मात्र करू शकत नाहीत, कारण ते घडवणाऱ्या साखळीतलं शेवटचं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही. 1928 मध्ये अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हा पदार्थ वेगळा केला, 1933 पर्यंत त्याची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत तयारही होऊ लागला. 1937 ची दोन नोबेल पारितोषिकं या कामाशी जोडलेली आहेत: वैद्यकाचं सेंट-ग्यॉर्गी यांना, रसायनशास्त्रातलं नॉर्मन हॅवर्थ यांना पॉल कारर यांच्यासोबत.

केंब्रिजचे लेस्ली हॅरिस यांनी याच काळात एक चाचणी बसवली. माणसाला क जीवनसत्त्वाचा ठरावीक मोठा डोस द्यायचा आणि लघवीत ते किती उतरतं ते पाहायचं. शरीराचा साठा भरलेला असेल तर जादाचं लगेच बाहेर पडतं. साठा रिकामा असेल तर आलेलं सगळं शरीर शोषून घेतं, लघवीत काहीच दिसत नाही. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चाचणी क्षयरोग आणि संधिवाताच्या रुग्णांवर केली, तेव्हा त्यांच्या लघवीत निरोग्यांपेक्षा कमी जीवनसत्त्व उतरलं. कोरडी जमीन पहिला पाऊस पिऊन टाकते, तसं हे शरीर डोस पिऊन टाकत होतं. म्हणजे नुसतं खाण्यात कमी पडतं एवढंच कारण नव्हतं. आजार स्वतःच जीवनसत्त्व खर्च करत असावा, अशी शंका तिथे पहिल्यांदा मोजमापासह मांडली गेली. मला ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची पायरी वाटते. दुर्दैवाने पुढे ती बराच काळ बाजूला पडली.

बाजूला पडली ती चांगल्या प्रयोगांमुळेच. बॉस्टनचे जॉन क्रँडन हे तरुण शल्यचिकित्सक. जखमा भरून येण्याशी क जीवनसत्त्वाचा संबंध काय, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी 1939 मध्ये स्वतःलाच सहा महिने क जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवलं. रक्तद्रवातलं (प्लाझ्मातलं) प्रमाण साधारण सहा आठवड्यांत शून्यावर आलं, पण माणूस धडधाकट. पांढऱ्या पेशींमधला साठा त्यानंतरही बराच काळ टिकला. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. चार महिने उलटल्यावर त्वचा खरखरीत झाली, पाचव्या महिन्यानंतर पायांवर केसांच्या मुळाशी बारीक रक्ताचे ठिपके आले. सहा महिन्यांनी पुन्हा जखम केली, ती वरून जुळलेली दिसली तरी आत भरलीच नाही. मग शिरेतून रोज 1 ग्रॅम क जीवनसत्त्व दिलं आणि तीच जखम भरून आली. 1940 मध्ये हे प्रसिद्ध झालं. रक्तातला आकडा शून्य होणं आणि स्कर्व्ही होणं यात महिन्यांचं अंतर असतं, हे त्यातून कळलं.

पाठोपाठ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली मोठा प्रयोग झाला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार दिलेले 20 स्वयंसेवक त्यात होते. रोज 10 मिलिग्रॅम एवढ्याने स्कर्व्ही टळते आणि झालेली बरीही होते, असं दिसलं. त्याच्या तिप्पट, म्हणजे 30 मिलिग्रॅम, ही ब्रिटनमधली शिफारस यावरूनच ठरली. पुढे अमेरिकेत आयोवाच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांवर अभ्यास झाले. निरोगी माणसाच्या शरीरात साधारण 1500 मिलिग्रॅम साठा असतो आणि तो 300 च्या खाली गेला की लक्षणं दिसू लागतात, हा हिशेब त्यांनी दिला.

हे सगळं काम भक्कम आहे. पण प्रयोगातली माणसं कोण होती ते पाहा. एक तरुण डॉक्टर, 20 धट्टेकट्टे स्वयंसेवक, काही कैदी. कुणाला मधुमेह नाही, कुणाचं मूत्रपिंड निकामी नाही, कुणाच्या सांध्यांना सूज नाही. मोजपट्टी निरोगी शरीरावर आखली गेली, आणि ती तशीच आजारी माणसाच्या अंथरुणाशी नेली गेली.

ती तिथे का बसत नाही, हे डायलिसिसने सगळ्यात स्पष्ट दाखवलं. 1960 मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची सोय केली आणि मूत्रपिंड निकामी झालेली माणसं वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू लागली. ही मोठीच क्रांती. पण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, रेणू लहान, त्यामुळे डायलिसिसच्या पडद्यातून ते युरियासोबत निसटून जातं. आठवड्यातून तीनदा. 1970 मध्येच अशा रुग्णांमध्ये साठा रिता होत असल्याचं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात पोटॅशियम वाढू नये म्हणून याच रुग्णांना फळं जपून खायला सांगतात, भाज्या चिरून पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला सांगतात. पोटॅशियम जातं हे खरं, पण त्याच पाण्यातून क जीवनसत्त्वही जातं. येणं कमी आणि जाणं जास्त, असा दोन्हीकडून मार.

मग भरपूर गोळ्या द्याव्यात, तर तेही जमत नाही. जादा क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि ते बाहेर टाकणारं मूत्रपिंडच बंद असतं. ऑक्झलेट साठत जाऊन अवयवांमध्ये त्याचे खडे बसू शकतात. म्हणून डायलिसिसच्या रुग्णांसाठी रोज 60 ते 100 मिलिग्रॅमच्या घरातली बेताची मात्रा सुचवली जाते.

मधुमेहाची गोष्ट आणखी बारीक आहे. क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण झालेलं रूप दिसायला ग्लुकोजसारखं असतं आणि पेशीत शिरताना ग्लुकोजचीच दारं वापरतं. रक्तात साखर वाढलेली असली की त्या दारांवर रेटारेटी होते. मूळ रूपासाठी वेगळे वाहक आहेत, ते 1999 मध्ये ओळखले गेले. मूत्रपिंडात गाळून गेलेलं जीवनसत्त्व परत खेचण्याचं कामही यातल्याच एका वाहकाचं. मधुमेहात काही रुग्णांमध्ये ही परत खेचण्याची क्रिया ढिली पडते आणि जीवनसत्त्व लघवीतून गळत राहतं, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क लेव्हिन यांच्या गटाने 2022 मध्ये दाखवलं. म्हणजे तेवढंच खाऊनही मधुमेही माणसाच्या रक्तात कमी सापडण्यामागे निष्काळजीपणाच असतो असं नाही.

इतर आजारांची कारणं थोडक्यात सांगतो. आतड्यांच्या सुजेत शोषण घटतं आणि पोट बिघडेल या भीतीने फळं सुटतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वारंवार रक्त चढवल्याने साठलेलं लोह क जीवनसत्त्व जाळून टाकतं. तिथेही घाईने मोठा डोस धोक्याचा, कारण एकदम मोकळं झालेलं लोह हृदयाला इजा करू शकतं. संधिवातासारख्या दीर्घ सुजेत खर्च वाढतो, आणि सूज दाखवणारं सीआरपी हे रक्तातलं प्रथिन वर गेलं की क जीवनसत्त्व खाली आलेलं वारंवार दिसतं. धूम्रपान हा आजार नव्हे, पण खर्च तसाच. अमेरिकेत 2000 मध्ये ठरलेल्या शिफारशीत पुरुषांना 90, स्त्रियांना 75 मिलिग्रॅम आणि धूम्रपान करणाऱ्यांना त्यावर 35 मिलिग्रॅम जास्त, असं स्पष्ट लिहिलं आहे. खर्च वाढला तर गरज वाढते, हे तत्त्व तिथे मान्य झालं.

या इतिहासाला मधेच एक मोठं वळण मिळालं ते नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्यामुळे. 1970 पासून त्यांनी ग्रॅमच्या हिशेबात क जीवनसत्त्व घ्या, असा आग्रह धरला. स्कॉटलंडच्या यूअन कॅमेरॉन यांच्यासोबत 1976 मध्ये त्यांनी अशा मोठ्या डोसने कर्करोगाचे रुग्ण जास्त काळ जगतात, असे निष्कर्ष छापले. मेयो क्लिनिकच्या चाचण्यांनी 1979 आणि 1985 मध्ये ते खोडून काढले. या वादात ‘थोडीशी उणीव भरून काढावी का?’ हा साधा प्रश्न चेंगरला गेला. एका बाजूला चमत्काराचा दावा, दुसऱ्या बाजूला त्याची चीड, आणि रिकामा साठा घेऊन पडलेला रुग्ण कुणाच्याच नजरेत नाही.

मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांनीही असाच गोंधळ वाढवला. 2001 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या 19,496 स्त्री-पुरुषांचा अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त त्यांच्यात मृत्यू कमी, असा उतार त्यात ठळक होता. पण पुढच्याच वर्षी 20,536 लोकांवरच्या एका चाचणीत क जीवनसत्त्वासह अँटिऑक्सिडंट गोळ्या देऊन पाहिल्या. रक्तातलं प्रमाण वाढलं, हृदयविकार मात्र कमी झाला नाही. 2008 मध्ये 14,641 पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीचा निकालही तसाच. रक्तातला कमी आकडा बहुधा एकूण प्रकृतीचा आरसा असतो. आरसा पुसल्याने चेहरा बदलत नाही. अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांना शिरेतून मोठे डोस देऊन पाहिले, तेव्हा 2022 च्या एका मोठ्या चाचणीत क जीवनसत्त्व घेतलेल्यांचीच अवस्था वाईट निघाली.

मग उणीव भरून काढण्याला अर्थच नाही का? आहे. इथे मी ठाम आहे, कारण या चाचण्यांतल्या बहुतेक लोकांमध्ये उणीव नव्हतीच किंवा डोस अवाढव्य होता. जिथे उणीव सर्रास आढळते तिथे ती बेताच्या डोसने भरून पाहिली, तर चित्र वेगळं दिसतं. माँट्रियलच्या एका रुग्णालयात दाखल रुग्णांना दिवसातून दोनदा 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं, तर काही दिवसांत त्यांची मनःस्थिती सुधारली. तुलनेसाठी ड जीवनसत्त्व दिलेल्यांमध्ये तसं झालं नाही. अभ्यास छोटा आहे, 2011 मध्ये छापलेला. पण स्कर्व्हीचं पहिलं लक्षण हिरड्यांतून रक्त येणं हे नाही. गळून गेल्यासारखं वाटणं, कशात मन न लागणं, हे आधी येतं. दीर्घ आजारी माणूस थकलेला असला तर कुणाला नवल वाटतं? जखम भरत नाही तर साखरेला दोष, अंगावर डाग तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना, हिरड्या सुजल्या तर दातांना. प्रत्येक लक्षणाला आधीच एक मालक ठरलेला असतो, म्हणून क जीवनसत्त्वाचं नाव निघतच नाही.

तपासायचं ठरवलं तरी नमुना नाजूक. रक्त काढल्यावर ते बर्फात ठेवायचं, उजेडापासून झाकायचं, रक्तद्रव लवकर वेगळा करून त्यात आम्ल घालायचं आणि अतिथंड गोठवायचं. तासभर टेबलावर राहिलं तर जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण सुरू होतं आणि आकडा खोटा कमी येतो. शिवाय नुकतीच आलेली सूज किंवा संसर्गही रक्तद्रवातलं प्रमाण तात्पुरतं खाली ओढतात, त्यामुळे कमी आकडा म्हणजे रिकामा साठाच, असंही लगेच म्हणता येत नाही. प्रति लिटर 11 मायक्रोमोलच्या खाली ते स्पष्ट उणीव मानली जाते. निरोगी माणसात पुरेशा आहारावर ते 70 च्या आसपास स्थिरावतं.

हा 70 चा आकडाही लेव्हिन यांच्याच कामातून आला. 1996 मध्ये त्यांनी सात तरुणांना महिनोन्‌महिने रुग्णालयात ठेवून 30 ते 2500 मिलिग्रॅमपर्यंत एकेक पायरी डोस दिले आणि रोजच्या 200 मिलिग्रॅमनंतर रक्तातलं प्रमाण फारसं वाढत नाही, हे दाखवलं. 2001 मध्ये 15 तरुणींवर तसंच काम झालं. अतिशय काटेकोर प्रयोग. सातही तरुण आणि पंधराही तरुणी पूर्ण निरोगी होत्या. तीच प्रवेशाची अट होती.