मिठाच्या वाटेवरचे पाहुणे

नेपाळात विमानाने लुक्लाला उतरून दुसऱ्या दिवशी धापा टाकत नामचे बाजारला पोचलेल्या कुणालाही विचारा, कुठे निघालात? उत्तर एकच येतं, 'ईबीसी'. एव्हरेस्ट बेस कॅम्पचं हे आखूड नाव पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांत आता इतकं रुळलंय, की ही वाट त्या बेस कॅम्पसाठीच पाडली असावी असं वाटतं. खरं तर बेस कॅम्प हे या वाटेचं सगळ्यात अलीकडचं टोक. नामचेपर्यंतची वाट मिठाची आणि धान्याची, आणि तिथून वरची गुरांची. गिर्यारोहक आले ते या दोन्ही वाटा मळून शतकं लोटल्यावर.

आधी नावाचा घोळ. 'आमच्याबरोबर चार शेर्पा होते' असं आपण सहज म्हणतो, आणि त्या चौघांत एखादा राई असतो, एखादा तामांग. शेर्पा हा हुद्दा नाही, ती जमात आहे. 'शार' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे माणसं, पूर्वेकडची माणसं. स्वतःला ते 'शर्वा' म्हणवतात. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातून काही कुळं पश्चिमेकडे सरकली आणि ५,७१६ मीटर उंचीची नांगपा ला ही खिंड ओलांडून खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या दक्षिणेकडच्या मुलखात उतरली. 'ला' म्हणजे खिंड. वरचं खुंबू, मधलं फाराक, खालचं सोलू असे वस्तीचे तीन टप्पे पुढे पडत गेले. खुंबू उंच आणि थंड, सोलू बरंच खाली आणि सुपीक.

व्यक्तिनावांची गंमत आपल्याला लगेच कळेल. शेर्पा घरात मुलाचं नाव पुष्कळदा जन्मवारावरून ठेवतात. रविवारचा निमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेंबा. मुलीलाही हीच नावं चालतात. निमा म्हणजे सूर्य, दावा म्हणजे चंद्र, मिंग्मा म्हणजे मंगळ, म्हणजे ग्रहांचा क्रम थेट आपल्याच वारांचा. त्यामुळे एका लॉजवर तीन पासांग भेटले तर गोंधळून जायचं कारण नाही, तिघं शुक्रवारचे, इतकंच.

आता वाट. खुंबूत भात पिकत नाही, गहू-मका नाही. नामचे ३,४४० मीटरवर, खुंजुंग ३,७९० वर. त्याहून वरच्या दिंगबोचेत पाटाच्या पाण्यावर जव घेतात, बाकी कुट्टूचं पीक आणि याक. एवढ्यावर वर्ष निघत नाही. म्हणून व्यापार हाच इथला खरा शेतीधंदा. तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचं मीठ आणि लोकर नांगपा लावरून याकांच्या पाठीवर खाली यायची, दक्षिणेच्या खोऱ्यांतलं धान्य माणसांच्या पाठीवर वर चढायचं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काठमांडूच्या राजवटीने नांगपा लाचा व्यापार खुंबूच्या शेर्पांसाठी राखून ठेवला. खालच्यांनी नामचेच्या वर जायचं नाही, तिबेट्यांनी नामचेच्या खाली उतरायचं नाही. घोड्याच्या नालेसारख्या त्या उतरणीवरचं गाव अशा रीतीने मधल्यामध्ये श्रीमंत झालं. नाव उगीच नामचे 'बाजार' पडलेलं नाही.

नामचेच्या वरचा भाग वेगळा. फेरिचे, लोबुचे, गोरक्षेप ही आपल्या वेळापत्रकातली मुक्कामाची नावं, पण ती गावं नव्हतीच. शेर्पा त्यांना 'येर्सा' म्हणतात, म्हणजे उन्हाळी वस्ती. एकेका घराची खाली गावात मुख्य वास्तू आणि वर दोन-तीन ठिकाणी दगडी खोपटी. गवत जसं उगवेल तसे याक वर न्यायचे, थंडी पडली की खाली आणायचे. कुणाची गुरं कधी वर जातील आणि पिकातून कधी बाहेर काढायची, याच्या तारखा गावाने नेमलेला 'नावा' ठरवायचा. रानातली तोड सांभाळायला 'शिंगी नावा' वेगळा. ओलं झाड तोडलं तर दंड, आणि तो बरेचदा 'छांग'च्या, म्हणजे घरच्या बियरच्या रूपात. दंडाची अशी वसुली मला तरी फार शहाणपणाची वाटते. गुन्हेगार आणि पंच एकाच भांड्यातून प्यायले की भांडण फार दिवस टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खुंबूत बटाटा आला, बहुधा दार्जिलिंगकडून. खुंबूच्या थंड, हलक्या मातीला तो असा मानवला की आज शेर्पा स्वयंपाक त्याच्याशिवाय सुचत नाही. किसलेल्या बटाट्याची जाड धिरडी 'रिकीकुर', वर याकचं लोणी. भाज्या, बटाटा आणि पिठाच्या चपट्या तुकड्यांचं 'श्याक्पा', थंडीत पातेलंभर. १९५३ मध्ये खुंबूत राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ यांनी तर मांडलं, की बटाट्याने पोट भरल्यामुळेच लोकसंख्या वाढली, हाताशी शिल्लक राहिली आणि मठ उभे राहिले. (हेच गृहस्थ त्याआधी निजामाच्या राज्यात, आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून काम केलेले.) पुढच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतल्या, व्यापाराला आणि दार्जिलिंगला मजुरी करून आणलेल्या कमाईला अधिक श्रेय दिलं. मला दुसरी बाजू पटते. बटाट्याने माणूस जगतो, पण मठाला सोन्याचा मुलामा चढायला रोकड लागते.

आणि मठ वाटतात तितके जुने नाहीत. ट्रेकिंग कंपन्यांच्या पत्रकांत तेंगबोचेला बेधडक 'प्राचीन' म्हणतात. पांगबोचेचं देऊळ खरंच जुनं, तिथल्या परंपरेत त्याचा संबंध लामा सांगवा दोर्जेंशी जोडतात. पण तेंगबोचेचा मठ १९१६ चा. त्याआधी गावागावांत संसारी लामा होते, ब्रह्मचारी भिक्षूंचा मठ खुंबूत नव्हता. तिबेटात, एव्हरेस्टच्या उत्तरेला, रोंगबुकचा मठ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि तिथल्या गुरूंच्या प्रेरणेने, व्यापारात सधन झालेल्या शेर्पा घराण्यांच्या पैशातून तेंगबोचे बांधला गेला. १९३४ च्या भूकंपात तो कोसळला. पुन्हा बांधला. १९८९ च्या जानेवारीत आगीत जळाला, वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. पुन्हा बांधला. म्हणजे आज आपण ज्याच्या अंगणात चपला काढतो, ती इमारत आपल्यातल्या अनेकांहून वयाने लहान आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास तिथे होणारा 'मणी रिम्दू'चा मुखवटे-नृत्यांचा उत्सवही रोंगबुकहून आलेला.

गिर्यारोहणाचा भाग सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. नेपाळ परक्यांना बंद असताना शेर्पा दार्जिलिंगला मजुरीला जात, रस्त्यांवर, चहामळ्यांत. तिथे १९०७ पासून अलेक्झांडर केलास या स्कॉटिश गिर्यारोहकाने त्यांना सोबत घ्यायला सुरुवात केली. १९२१ पासून एव्हरेस्टच्या मोहिमा तिबेटमार्गे सुरू झाल्या. १९२२ मध्ये उत्तरेच्या खिंडीखाली हिमस्खलनात सात हमाल गेले, एव्हरेस्टवरचे बळी मोजायला तिथून सुरुवात होते. थामेच्या खोऱ्यात वाढलेले तेन्झिंग नोर्गे दार्जिलिंगला गेले ते याच कामाच्या शोधात, आणि २९ मे १९५३ ला एडमंड हिलरींसोबत माथ्यावर पोचले.

ट्रेकिंगच्या इतिहासात मला याहून महत्त्वाची वाटते ती १९५० सालची चालत केलेली सफर. नेपाळचे दरवाजे नुकते उघडले होते. बिल टिलमन आणि चार्ल्स ह्यूस्टन या गिर्यारोहकांची छोटी तुकडी दक्षिणेकडून चालत नामचे आणि तेंगबोचेला पोचली. त्यांना शिखर चढायचं नव्हतं, मुलूख पाहायचा होता. खुंबूत पाऊल ठेवणारे हे पहिले पाश्चात्त्य, आणि एका अर्थाने पहिले ट्रेकर.

मग १९५९ उजाडलं. तिबेटातल्या उठावानंतर चीनने सीमेवर पकड आवळली, दलाई लामा भारतात आले, नांगपा लावरून व्यापारी माल नव्हे तर निर्वासित उतरू लागले. मिठाचा धंदा बसला. पुढे भारतीय मीठ स्वस्त झालं आणि उरलेली गरजही संपली. पिढ्यान्‌पिढ्या व्यापारावर पोसलेली घरं काही वर्षांत रिकामी बसली. नेमक्या त्याच वर्षांत इकडे काय झालं पाहा. १९६१ ला हिलरींनी खुंजुंगला शाळा उभी केली. पुढे खुंदेचं इस्पितळ बांधायचं होतं, त्याचं सामान दिवसच्या दिवस चालत आणणं परवडेना, म्हणून १९६४ ला लुक्लाच्या उतारावर धावपट्टी केली. शेताची माती भुसभुशीत होती. ती दाबायला शेर्पांनी रांगेने हात गुंफून पाय आपटत नाच केला. नाच म्हणजे नेहमीचाच, फक्त या वेळी त्याखाली धावपट्टी बसली. १९६४ मध्येच गुरखा पलटणीतले निवृत्त ब्रिटिश अधिकारी जिमी रॉबर्ट्स यांनी काठमांडूत पहिली ट्रेकिंग कंपनी काढली, आणि पुढच्या वर्षी तिचे पहिले ग्राहक चालायला निघाले, तीन अमेरिकन बाया.

मीठ गेलं आणि पाच-सहा वर्षांत पाहुणे आले. हे अंतर जास्त असतं तर खुंबू बहुतेक ओस पडलं असतं, निदान नामचे तरी. शेर्पांना पर्यटनाने 'बिघडवलं' असं हळहळत लिहिणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा. परप्रांतीयाला घरात उतरवून घेणं, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणं, उंचीचा फायदा घेऊन दर ठरवणं, हे सगळं त्यांना येतच होतं. गिऱ्हाईक बदललं. हिलरींना मात्र पुढे त्या धावपट्टीची रुखरुख लागली, इस्पितळाच्या सामानासाठी केलेल्या पट्टीवरून माणसांचा लोंढा उतरेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

सुरुवातीचे ट्रेक मोहिमांची नक्कल होते. तंबू, सरदार म्हणजे मुकादम, स्वयंपाकी, हमालांची रांग. लॉज नंतर आले, आणि ते आकाशातून पडले नाहीत. नेपाळी वाटांवर 'भट्टी' असायचीच. हा शब्द ऐकून आपल्याला हातभट्टी आठवते आणि तसं आठवणं चुकीचंही नाही, चहा-जेवणाबरोबर घरची दारू तिथे मिळायची. पण खुंबूच्या लॉजचा आराखडा बघायचा असेल तर जुन्या शेर्पा घरात डोकवावं लागतं. खालच्या मजल्यावर गुरं, गवत, सरपण. अंधारा जिना चढून गेलं की वर एकच लांबट खोली. समोरच्या भिंतीला ओळीने खिडक्या, खिडक्यांखाली गालिचा घातलेलं लांब बाकडं, पुढे बुटकी टेबलं. मागच्या भिंतीवर फळ्या, त्यांवर घासून चकाकणारे तांब्याचे मोठाले हंडे, घराची ऐपत सांगणारे. चूल जिन्याच्या अंगाला, तिच्या लगतची जागा घरधन्याची. पाहुणा आपापल्या मानाप्रमाणे त्या बाकड्यावर चुलीपासून जवळ किंवा लांब.

आता लॉजचं जेवणघर आठवा. खिडक्यांखाली भिंतीभोवती तीच बाकडी, तेच गालिचे, मध्ये शेणाच्या गोवऱ्यांवर पेटणारी शेगडी. फळीवर हंड्यांच्या जागी बिस्किटांचे पुडे आणि नूडल्सची पाकिटं. नवरा मोहिमेवर गेलेला, लॉज चालवणारी 'दिदी'. चहा ओतताना ती 'शेय्, शेय्' म्हणते, घ्या ना, घ्या ना. एकदा नाही म्हटलं तरी पेला पुन्हा भरतो. पंगतीत 'पुरे पुरे' म्हणत पानावर आडवा हात धरणाऱ्याला हा आग्रह नवा नाही. फरक एवढाच, की आता तिसऱ्या पेल्याची नोंद वहीत होते. आणि तिच्याकडे 'याकचं दूध' मागू नका. याक नर असतो, दूध देते ती नाक. वाटेवर ओझी वाहताना दिसणारे बहुतेक तर याकही नसतात, गाय-याकच्या संकरातले झोप्क्यो असतात.

पाहुणे वाढले तसं सरपण संपायला लागलं. १९५७ मध्ये नेपाळने जंगलं सरकारजमा केली तेव्हाच गावच्या 'नावा' राखणदारांचा अधिकार ढिला पडला होता, त्यात ट्रेकिंगच्या चुली. १९७६ ला सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यान झालं, १९७९ ला त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ट्रेकिंग गटांनी लाकूड न जाळता रॉकेल आणावं असा नियम आला. गावकऱ्यांना सुरुवातीला उद्यानाची धास्ती होती, आपल्याला हुसकावतील अशी. तसं झालं नाही. गावं उद्यानाच्या आतच, पण कायद्याने वेगळी राहिली. कोविडच्या आधी वर्षाला पन्नास हजारांच्या वर परदेशी पाहुणे तिथे येत होते.

त्यांत आपली माणसं पुष्कळ. २०१२ ला उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची तुकडी दक्षिणेकडून एव्हरेस्टवर गेली, त्यानंतर तर ईबीसीला जाणं हे सह्याद्रीत भटकणाऱ्यांचं पुढचं पाऊलच झालं. सह्याद्रीवाल्यांना एक गोष्ट पटकन उमगायला हवी. नाणेघाटात आपण दगडी रांजणाशी फोटो काढतो, तोही जुन्या व्यापारी वाटेवरचाच मुक्काम आहे.

वाटेवर 'डोको', म्हणजे टोपली, पाठीवर घेऊन कपाळाच्या 'नाम्लो' पट्ट्यावर भार तोलत चाललेला माणूस भेटतो. थांबायचं झालं की तो हातातली 'टी' आकाराची टोक्मा काठी डोकोखाली टेकवतो आणि उभ्या उभ्या ओझं तिच्यावर सोडतो, खाली बसत नाही. बसला तर उठवायला दुसरा माणूस लागेल. तो बहुतेक वेळा शेर्पा नसतो. खालच्या खोऱ्यांतला राई, तामांग किंवा मगर असतो. त्याचे आजे-पणजे धान्य घेऊन याच चढाने नामचेला येत, तो बियर आणि गॅसची नळकांडी घेऊन येतो. शनिवारी नामचेला बाजार भरतो, तिथे आजही खालची माणसं विकतात आणि वरची विकत घेतात.

नामचेच्या वर वाट दोन फाट्यांत फुटते. उजवीकडे तेंगबोचे, दिंगबोचे, बेस कॅम्प. डावीकडे थामे आणि त्यापलीकडे नांगपा ला, म्हणजे सगळ्यात जुनी, मिठाची वाट. ऑगस्ट २०२४ मध्ये थामेच्या वरचं हिमनदीचं तळं फुटलं आणि गावातली घरं, शाळा, दवाखाना चिखलदगडांनी वाहून नेला. दिवसा झालं म्हणून माणसं वाचली. गाव तेव्हापासून उभं राहतंय. नामचेहून तिथे पोचायला अर्धा दिवस पुरतो, पण बहुतेक गट उजवीकडे वळतात.